भरती-ओहोटी ऊर्जा

समुद्राच्या पाण्याची पातळी भरतीच्या वेळी चढते आणि ओहोटीच्या वेळी उतरते. या चढउतारातून किंवा त्यामुळे निर्माण होणाऱ्या प्रवाहातून मिळवलेल्या उपयुक्त ऊर्जेला भरती-ओहोटी ऊर्जा असे म्हणतात. आधुनिक काळात ही संज्ञा प्रामुख्याने वीजनिर्मितीसाठी वापरली जाते. वारा आणि ऊन यांच्या तुलनेत या स्रोताचे वैशिष्ट्य असे, की त्याचे वेळापत्रक अनेक वर्षे आधी मांडता येते. तरीही जगात या पद्धतीने चालणारे मोठे प्रकल्प हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. भारतात या विषयाचा अभ्यास १९७५ पासून सुरू असला तरी व्यापारी तत्त्वावर वीज देणारा एकही भरती-ओहोटी प्रकल्प उभा राहिलेला नाही. महाराष्ट्राला लांब किनारा आणि असंख्य खाड्या लाभल्या असूनही येथे ही वीज का तयार झाली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी भरतीच्या उंचीच्या गणितात आणि सह्याद्रीच्या कड्यात आहे.

लाटांपासून मिळणारी ऊर्जा ही याहून वेगळी आहे. लाटा मुख्यतः वाऱ्यामुळे उठतात, तर भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे घडते. केरळमधील विळिंजम येथे १९९१ मध्ये कार्यान्वित झालेले १५० किलोवॅट क्षमतेचे प्रायोगिक केंद्र लाटांवर चालणारे होते. काही लेखनात त्याचा उल्लेख भरती-ओहोटी केंद्र असा होतो, तो बरोबर नाही.

भरती-ओहोटीची लय

चंद्राच्या आकर्षणामुळे महासागराच्या पाण्याला पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना फुगवटे येतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे किनाऱ्यावरील ठिकाणे त्यांतून क्रमाने जातात. सूर्याचा भरतीकारक प्रभाव चंद्राच्या प्रभावाच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचे प्रभाव एकत्र येऊन मोठी भरती येते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हे प्रभाव एकमेकांना छेद देतात, तेव्हाची लहान भरती ती भांगाची भरती. प्रत्यक्षात सर्वांत मोठे उधाण बहुधा अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. भरतीची सर्वोच्च आणि ओहोटीची नीचतम पातळी यांतील फरकाला भरतीची कक्षा म्हणतात.

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार आणि तांडेल भरतीची वेळ तिथीवरून काढत आले आहेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटिका साधारणपणे मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. एका तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे, हा हिशेब प्रत्यक्षातील सरकण्याच्या इतका जवळ आहे की रोजच्या कामाला तो पुरतो. शास्त्रीय नोंदींची परंपराही येथे जुनी आहे. मुंबईतील अपोलो बंदर येथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध असून हिंदी महासागराच्या परिसरातील सर्वांत दीर्घ नोंदींमध्ये त्यांची गणना होते. भारतीय बंदरांच्या भरतीचे भाकीत करण्यासाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये एक खास यांत्रिक गणकयंत्रही तयार करण्यात आले होते. सध्या ही कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो.

या ऊर्जेचा अंतिम स्रोत पृथ्वीचे परिवलन हा आहे. भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीचा फिरण्याचा वेग अत्यंत मंद गतीने कमी होत असून चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जात आहे. मानवी उपयोगाने या प्रमाणात मोजता येण्याजोगा फरक पडत नाही, म्हणून हा स्रोत नवीकरणीय मानला जातो.

विजेपूर्वीचे उपयोग

भरतीचे पाणी कोंडून ओहोटीला सोडायचे आणि त्यावर जाते फिरवायचे, ही युक्ती युरोपात मध्ययुगात सर्रास वापरली जात होती. उत्तर आयर्लंडमधील नेंड्रम येथील मठाजवळ सापडलेल्या अशा गिरणीचे अवशेष सातव्या शतकातील आहेत.

कोकणात आणि गोव्यात हेच तंत्र उलट्या हेतूने वापरले गेले. खारभूमीच्या शेतीत खाडीच्या काठाने बांध घालून भरतीचे खारे पाणी बाहेर अडवतात. बांधातील झडपेचा दरवाजा, ज्याला रायगड भागात उघाडी आणि गोव्यातील खाजण शेतीत मानस म्हणतात, भरतीच्या दाबाने आपोआप मिटतो आणि ओहोटीला आतील पावसाचे पाणी बाहेर जाऊ देतो. हाच बांध आणि हाच दरवाजा मोठ्या प्रमाणावर बांधून मार्गात टर्बाइन बसवले, की बंधारा पद्धतीचे वीजकेंद्र तयार होते. फरक एवढाच, की शेतकऱ्याला पाणी आत नको असते आणि वीजकेंद्राला ते हवे असते. मिठागरांतही पाणी भरतीबरोबरच आत घेतले जाते.

प्रवाहाच्या उपयोगाचेही देशी उदाहरण आहे. मुंबई, पालघर आणि रायगडच्या किनाऱ्यावरील कोळी समाज वापरत असलेले डोल जाळे हे शंकूच्या आकाराचे मोठे जाळे असते. ते खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडी स्थिर धरले जाते आणि भरती-ओहोटीचा जोरच बोंबील, जवळा यांसारखी मासळी त्यात लोटतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो, भांगाच्या दिवसांत तो मंदावतो, आणि डोलीच्या मासेमारीचे दिवस त्याप्रमाणे ठरतात. पाण्याखालील टर्बाइनलाही नेमकी हीच मर्यादा लागू होते.

बंधारा पद्धती

खाडीच्या किंवा नदीमुखाच्या तोंडावर बंधारा घालून भरतीचे पाणी दरवाजांतून आत घेतात. भरती पूर्ण झाल्यावर दरवाजे बंद करतात. बाहेरील समुद्र ओसरू लागतो आणि आत-बाहेरच्या पातळीत पुरेसा फरक पडला, की कोंडलेले पाणी टर्बाइनमधून सोडून वीज निर्माण करतात. ही ओहोटी-निर्मिती झाली. याउलट भरतीचे पाणी आत येतानाच टर्बाइन चालवणे, किंवा दोन्ही दिशांना चालवणे, हे पर्यायही वापरले गेले आहेत. पातळीतील फरक फार कमी असल्यामुळे अशा केंद्रांत पाण्याच्या मार्गातच बसणारी, कंदाच्या आकाराच्या कवचात जनित्र असलेली टर्बाइन वापरतात.

या पद्धतीचे सारे अर्थकारण एका संबंधावर उभे आहे. कोंडलेल्या पाण्यात साठणारी ऊर्जा जलाशयाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, परंतु भरतीच्या कक्षेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याचे कारण असे, की कक्षा दुप्पट झाली तर कोंडलेले पाणी दुप्पट होते आणि ते जितक्या उंचीवरून उतरते ती उंचीही दुप्पट होते. म्हणून कक्षा निम्मी झाली की ऊर्जा चौपटीने घटते.

एक चौरस किलोमीटर क्षेत्राचा जलाशय धरला, तर एका ओहोटीत उपलब्ध होणारी कमाल सैद्धांतिक ऊर्जा पुढीलप्रमाणे येते. फ्रान्समधील ला रान्स येथील सुमारे ८ मीटर सरासरी कक्षेला ती सुमारे ८९ हजार युनिट (किलोवॅट-तास) असते. खंभातच्या आखातातील ६.७७ मीटर सरासरी कक्षेला सुमारे ६४ हजार, तर मुंबईतील उधाणाच्या सुमारे ३.६६ मीटर कक्षेला १८ हजार ७०० युनिट. मुंबईतीलच भांगाच्या १.४४ मीटर कक्षेला मात्र ती केवळ २ हजार ९०० युनिटांवर येते. प्रत्यक्षात हाती येणारी वीज याहून बरीच कमी असते, कारण पातळीतील फरक पुरेसा होईपर्यंत थांबावे लागते आणि तो फार कमी झाल्यावर यंत्रे बंद करावी लागतात. ला रान्सचा जलाशय सुमारे २२ चौरस किलोमीटरचा असून तेथे वर्षाला ५० कोटी युनिटांच्या आसपास वीज मिळते. वर्षातील सुमारे ७०५ भरत्या धरून हिशेब केला, तर हे प्रमाण सैद्धांतिक ऊर्जेच्या एक-तृतीयांशाच्या थोडे वर जाते.

प्रवाह पद्धती

या पद्धतीत पाणी अडवले जात नाही. अरुंद सामुद्रधुनीत किंवा आखाताच्या तोंडाशी जेथे प्रवाह वेगवान असतो, तेथे पवनचक्कीसारखी टर्बाइन पाण्याखाली बसवतात. समुद्राचे पाणी हवेपेक्षा आठशेहून अधिक पट दाट असल्याने कमी वेगातही मोठी शक्ती मिळते. परंतु ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. अडीच मीटर प्रतिसेकंद वेगाच्या प्रवाहात जेवढी शक्ती असते, तिचा एक-अष्टमांश भागच सव्वा मीटर प्रतिसेकंद वेगाच्या प्रवाहात असतो. मोठ्या टर्बाइनसाठी साधारणपणे दोन ते अडीच मीटर प्रतिसेकंद किंवा त्याहून अधिक वेग आवश्यक मानला जातो. मुंबई बंदरातील प्रवाह उधाणाच्या दिवशीही सहसा सव्वा ते दीड मीटरच्या आसपास राहतो.

उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड लॉक येथे २००८ मध्ये बसवलेले १.२ मेगावॅटचे सीजेन हे या पद्धतीचे जाळ्याला वीज देणारे पहिले मोठे यंत्र होय. ते पुढे काढून घेण्यात आले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील पेंटलँड फर्थमध्ये मेजेन प्रकल्पाची प्रत्येकी दीड मेगावॅटची चार टर्बाइन आहेत. खारे पाणी, यंत्रांवर वाढणारे कालव आणि शेवाळ, तसेच दुरुस्तीसाठी प्रवाह थांबण्याच्या अल्प काळाचीच मिळणारी मुभा या या पद्धतीतील कायमच्या अडचणी आहेत.

जगातील बंधारा-केंद्रे

ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील ला रान्स केंद्राचे उद्घाटन नोव्हेंबर १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांच्या हस्ते झाले. प्रत्येकी १० मेगावॅटची २४ टर्बाइन आणि एकूण २४० मेगावॅट क्षमता असलेले हे केंद्र सहा दशकांनंतरही चालू आहे. त्याच्या सुमारे ७५० मीटर लांबीच्या बंधाऱ्यावरून रस्ता जातो. रशियातील किस्लाया गुबा (१९६८), चीनमधील जियांगशिया (१९८०) आणि कॅनडातील अनॅपोलिस रॉयल (१९८४, २० मेगावॅट) ही त्यानंतरची लहान केंद्रे. अनॅपोलिस रॉयल हे जगातील सर्वाधिक भरतीसाठी प्रसिद्ध असलेल्या फंडीच्या उपसागराशी जोडलेले होते. ते २०१९ मध्ये बंद पडले.

दक्षिण कोरियातील सिह्वा सरोवराचे केंद्र (२०११) २५४ मेगावॅट क्षमतेचे असून या प्रकारात जगात सर्वांत मोठे आहे. तेथील बंधारा विजेसाठी बांधलेलाच नव्हता. गोडे पाणी आणि जमीन मिळवण्यासाठी १९९४ मध्ये समुद्र अडवण्यात आला, परंतु आत कोंडलेले पाणी कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने नासले. समुद्राचे पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू देणे भागच होते. त्या प्रवाहात टर्बाइन बसवण्यात आली. बंधाऱ्याचा खर्च आधीच झालेला आणि पर्यावरणाला अपाय होण्याऐवजी सुधारणा, असा हा दुर्मीळ योग आहे. त्यामुळे सिह्वाच्या आकड्यांवरून इतरत्रच्या खर्चाचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

भारतातील प्रयत्न

भारताच्या किनाऱ्यावर मोठ्या कक्षेची भरती मुख्यतः दोन आखातांत येते. खंभातच्या आखातात कमाल कक्षा सुमारे ११ मीटर, सरासरी ६.७७ मीटर असते. कच्छच्या आखातात हे आकडे अनुक्रमे ८ आणि ५.२३ मीटर आहेत. रुंद भूखंड मंच आणि नरसाळ्यासारखे निमुळते होत जाणारे आखात यांमुळे आत शिरणारे पाणी उंच उचलले जाते. भावनगर बंदरात जहाजे तरती ठेवण्यासाठी लॉक-गेट बांधावे लागले आणि अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत काढायची जहाजे उधाणाच्या भरतीवर स्वार करून थेट वाळूवर आणली जातात, ती याच कारणाने.

संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ एरिक विल्सन यांनी १९७५ मध्ये या दोन आखातांची शक्यता दाखवून दिली. त्यानंतर कच्छच्या आखातातील सुमारे ९०० मेगावॅटच्या प्रकल्पाचा सविस्तर अभ्यास झाला, परंतु तो कागदावरच राहिला. २०११ मध्ये कच्छच्या आखातातच ५० मेगावॅटच्या प्रवाह-प्रकल्पाची घोषणा झाली. त्याचा अंदाजित खर्च ७५० कोटी रुपये होता. तोही उभा राहिला नाही.

खंभातच्या आखातासाठी मांडलेली कल्पसर योजना सर्वांत महत्त्वाकांक्षी होती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी कुलगुरू अनिल काणे यांच्या नावाशी निगडित असलेल्या या कल्पनेत आखातावर प्रचंड बांध घालून नर्मदा, मही, साबरमती आदी नद्यांचे गोडे पाणी साठवणे आणि शेजारीच ५,८८० मेगावॅट भरती-वीज निर्माण करणे अभिप्रेत होते. कालांतराने विजेचा भाग मागे पडला आणि गोडे पाणी हे मुख्य उद्दिष्ट उरले. या बदलाची कारणे समजण्याजोगी आहेत: या नद्या आखातात अमाप गाळ आणतात, आणि गाळ स्थिर पाण्यात बसतो. कल्पसरशी संबंधित असलेला भरूचजवळील भाडभूत बंधारा वीजकेंद्र नाही, तो नर्मदेत खारे पाणी शिरू नये म्हणून आहे. तरीही समुद्रातून नदीत चढणाऱ्या पाला माशाचा मार्ग अडेल म्हणून तेथील मच्छीमारांनी त्याला विरोध केला.

पश्चिम बंगालमधील सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॅटचा प्रात्यक्षिक प्रकल्प केंद्र सरकारने मंजूर केला होता. बेटांवरील गावांना वीज देणे हा त्याचा हेतू होता. निविदांतून खर्च २३८ कोटी रुपयांवर, म्हणजे प्रतिमेगावॅट ६३ कोटींच्या वर गेला आणि प्रकल्प सोडून देण्यात आला. भारतातील भरती-विजेच्या चर्चेत हा आकडा आजही आडवा येतो. तो एका लहान, दुर्गम आणि पहिल्याच प्रकल्पाचा आकडा आहे हे लक्षात घेतले, तरी कच्छच्या प्रवाह-प्रकल्पाचा प्रतिमेगावॅट १५ कोटी हा दरही औष्णिक किंवा सौर विजेच्या तुलनेत महागच होता.

मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने क्रिसिलसह केलेल्या २०१४ च्या अभ्यासात देशाची सैद्धांतिक क्षमता १२,४५५ मेगावॅट सांगितली आहे. ही क्षमता निसर्गात किती ऊर्जा आहे ते सांगते. किती वीज परवडेल ते सांगत नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जा म्हणून मान्यता दिल्याने वीज वितरण कंपन्यांच्या नवीकरणीय खरेदीच्या बंधनात ती धरता येते. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीनेही या विषयावर स्वतंत्र अहवाल सादर करून प्रात्यक्षिक प्रकल्पाची गरज मांडली.

महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरतीची कक्षा उत्तरेकडून दक्षिणेकडे घटत जाते. खंभातच्या आखाताच्या प्रभावामुळे पालघर-डहाणू भागात ती सर्वाधिक असते. मुंबईत उधाणाच्या भरतीची सरासरी उंची सागरी नकाशाच्या आधारपातळीपासून ४.४२ मीटर आणि ओहोटीची ०.७६ मीटर आहे. पावसाळ्यात साडेचार मीटरांवरील भरतीचे इशारे दिले जातात ते याच आधारपातळीवरून. त्याचा अर्थ पाणी तेवढे मीटर चढते असा होत नाही. पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे कक्षा आणखी कमी होते आणि गोव्यात उधाणालाही ती दोन मीटरांच्या आत-बाहेर राहते. बंधारा पद्धतीसाठी सामान्यतः पाच मीटर किंवा त्याहून अधिक सरासरी कक्षा लागते असे मानतात. त्या कसोटीवर राज्यातील एकही खाडी उतरत नाही.

वसई, ठाणे, धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या आकाराने बंधाऱ्याला अनुकूल वाटतात, कारण तोंड अरुंद आणि आत पसरलेले पाणी असे त्यांचे रूप आहे. परंतु वर दिलेल्या हिशेबानुसार मुंबईच्या उधाणातसुद्धा एक युनिट विजेइतकी ऊर्जा जमवायला सुमारे २०० घनमीटर पाणी अडवून सोडावे लागते. खाडीच्या तोंडापासून काही तासांच्या वाटेवर सह्याद्रीचा कडा उभा आहे, आणि तेथे चारशे मीटरांवरून कोसळणाऱ्या एका घनमीटर पाण्यात साधारण तितकीच ऊर्जा असते. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, पुढे भिरा आणि कोयना उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी दारातला समुद्र सोडून घाटमाथ्यावरचा पाऊस अडवला गेला, यामागे हा दोनशेपटीचा फरक आहे.

वेळेच्या दृष्टीने मात्र कोकणच्या भरतीत एक सोय दडलेली आहे. उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. ओहोटी-निर्मितीचे केंद्र त्यानंतर दोन-तीन तासांनी चालू होईल, म्हणजे त्याचा सर्वाधिक जोर दुपार उतरल्यापासून संध्याकाळपर्यंत आणि पहाटे राहील. सौर वीज ओसरते आणि घरोघरी दिवे लागतात तीच ही वेळ. परंतु आठवड्याभरात भांग येतो, भरती सहाच्या सुमारास सरकते आणि निर्मिती रात्री उशिरा, तीही सहाव्या-सातव्या हिश्श्याने होऊ लागते. पंधरवड्याचा हा चढउतार कोणत्याही यंत्ररचनेने टळत नाही; तो दुसऱ्या स्रोताने किंवा साठवणुकीने भरून काढावा लागतो.

साठवणुकीची सर्वांत सिद्ध रीत राज्यात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर येथे पाहायला मिळते. २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या या २५० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी कोकणातील खालच्या जलाशयातून घाटमाथ्यावर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. एका अर्थाने ही विजेच्या दराने चालणारी कृत्रिम भरती-ओहोटी आहे. ला रान्स येथील टर्बाइनही भरतीच्या शेवटी पंपाप्रमाणे चालवून जलाशयाची पातळी थोडी वाढवता येते.

याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील श्रीगोंदा तालुका भीमा आणि घोड नद्यांच्या खोऱ्यात, समुद्रापासून सह्याद्रीच्या पलीकडे आहे. तेथे भरतीच्या विजेचा प्रश्न किनाऱ्यापेक्षा वेगळ्या रूपात समोर येतो. उसाच्या आणि फळबागांच्या सिंचनासाठी कृषिपंपांना वीज पाळीने, आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ रूढ आहे. रात्री अंधारात पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विजेचे एकूण प्रमाण जितके महत्त्वाचे, तितकीच तिची वेळ महत्त्वाची असते. रोज ५० मिनिटांनी सरकणारा स्रोत या गरजेला थेट जुळत नाही, सूर्य जुळतो. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या सुरुवातीच्या पथदर्शी प्रकल्पांपैकी एक श्रीगोंद्याला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे उभारला गेला. सौर विजेचे दर उतरल्यापासून भरती-विजेची स्पर्धा कोळशाशी कमी आणि सौर विजेशी अधिक आहे, आणि त्या स्पर्धेत तिची जमेची बाजू केवळ खात्रीशीर वेळापत्रक ही उरते.

पर्यावरण आणि मासेमारी

बंधारा घातल्यावर आतील पाण्याची कक्षा घटते, प्रवाह मंदावतो, गाळ बसू लागतो आणि खारेपणा बदलतो. ला रान्सच्या बांधकामाच्या वेळी नदीमुख सुमारे तीन वर्षे समुद्रापासून पूर्णपणे तोडले गेले होते. त्या काळात तेथील बहुतेक सागरी जीवसृष्टी नाहीशी झाली आणि नवा समतोल साधायला सुमारे दहा वर्षे लागली; तो समतोलही पूर्वीच्याच जातींचा नव्हता. अनॅपोलिस रॉयल येथे टर्बाइनमधून जाताना मरणाऱ्या माशांचा प्रश्न शेवटपर्यंत मिटला नाही. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तेथील प्रवाळ व खारफुटी ही कोणत्याही प्रकल्पापुढील पहिली अट ठरते.

ठाण्याच्या खाडीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तिच्या चिखलपट्ट्यांवर दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तिचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. वीजकेंद्राचा बंधारा आतील पाणी मुद्दाम उंच धरून ठेवतो. म्हणजे चिखल उघडा राहण्याचा काळ आणि क्षेत्र दोन्ही घटतात, आणि पक्ष्यांचे अन्न नेमके त्या चिखलात असते. खारफुटीलाही रोज दोनदा भिजणे आणि दोनदा उघडे पडणे आवश्यक असते. राज्यातील खारफुटीची तोड आणि तिच्यावरील भराव यांवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने निर्बंध घातले आहेत. शासनाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून कार्यरत आहे.

प्रवाह पद्धतीत हे परिणाम बरेच सौम्य असतात, कारण पाणी अडत नाही. मात्र टर्बाइनला जेथे वेगवान प्रवाह हवा असतो, तेथेच डोलीच्या खुंटांच्या जागाही असतात. या जागांवरील कोळ्यांचे हक्क परंपरेने आणि गावोगावच्या समजुतीने चालत आलेले आहेत. त्यांच्या नोंदी सर्वत्र लेखी नाहीत. खाडीच्या तोंडावर यंत्रांसाठी प्रतिबंधित क्षेत्र आखायचे झाले, तर त्याचा पहिला फटका या जागांना बसतो.